दहा तारीख

दहा तारखेला सतरा नंबरची इमारत मी शेवटी ठेवते.
लिफ्ट नाही, तिसरा मजला,
पण तोवर पिशवी हलकी झालेली असते:
म्हाताऱ्यांच्या पेन्शनी वाटून झालेल्या,
गुडघेदुखीच्या मलमाच्या जाहिराती दारांत खोचून झालेल्या.
उरतं एक पाकीट.
हेन्रिकच्या माघारी त्याच्या पोराला सरकार देतं, ते.

पहिल्यांदा गेले तेव्हा ब्वाझेय सहा वर्षांचा.
आई सही करत होती, तो माझे बूट बघत होता.
म्हणाला, हे खालून आलं का?
खालून म्हणजे कुठून, मला लगेच कळलं नाही.
इथे खाण पायाखालीच असते.
कपाटातल्या बश्या मधूनच किणकिणतात,
कोणी बोलणं थांबवत नाही.
उर्शुला म्हणाली, नाही रे, ऑफिसातून आलं.
तो म्हणाला, बाबांचं ऑफिस खालीच आहे.

आम्ही दोघींनी नोटा पुन्हा एकदा मोजल्या.

रक्कम कधी गोल नसते.
सातशे बारा झ्लोटी, वर चाळीस ग्रोश.
बाकीच्या दारांत सुट्टे मलाच मिळतात,
राहू दे बाई, जिने चढतेस.
या दारात नाही. वरचे ग्रोश ब्वाझेयचे.
माळ्यावर बापाची अकरा कबुतरं होती,
त्यांच्या मक्याच्या डब्यात तो नाणी टाकायचा.
दाणे ओतले की आधी नाणं वाजायचं,
आणि पाखरं त्या आवाजाला मान वळवायची,
दाण्यांना नंतर.

दर मार्चला रक्कम थोडी वाढते.
महागाई, टक्के, छापील पत्र.
उर्शुलानं ते पत्र उजेडात धरून वाचलं आणि म्हणाली,
जिवंतपणी नऊ वर्षांत एक बढती नाही मिळाली माणसाला.
मी हसू की नको अशी उभी.
मग तीच हसली.
पिशवी खाली ठेव म्हणाली, पाणी उकळलंय.

पोस्टातले साहेब मागे लागले होते,
लोकांना बँकेत खाती उघडायला सांगा, पायपीट वाचेल.
मी तिलाही सांगितलं, कर्तव्य म्हणून.
ती ओट्यावरचा एकच डाग पुसत राहिली.
पहिली पाळी दोनला सुटते, म्हणाली,
आंघोळ करून तो अडीचला जिना चढायचा.
महिन्यातून एकदा तरी
त्या वेळेला कोणी दार वाजवावं.

त्या दिवसापासून ही इमारत शेवटी.

सोळानंतर शाळेचा दाखला लागतो.
शिकतोय तोवर मिळेल, पंचविशीपर्यंत,
शाळा सोडली की बंद.
त्या हिवाळ्यात पोरगा दिसेना.
बंद पडलेल्या विहिरीच्या मनोऱ्याखाली सिगरेट ओढताना दिसला
तेव्हा वर्गात भूगोल चालू असणार.
एकदा दार त्यानंच उघडलं,
या महिन्यात काय भाव लागला त्यांचा, म्हणाला,
आणि आतून उर्शुलाच्या हातातलं काहीतरी पडलं.
उतरताना एका कबुतराचं पीस माझ्या बाहीला चिकटून आलं.
मी ते काढलं नाही. धुण्यात गेलं.

गेल्या दहा तारखेला तो अठराचा झाला होता.
आता सही त्याची.
उर्शुला मागे सरकली, जागा नसलेल्या त्या बोळात,
कोटांमध्ये जवळजवळ लपली.
थंडीनं पेन उमटेना.
त्यानं निबेवर हा हा करून वाफ सोडली
आणि मान इतकी वाकवून नाव लिहिलं
की मला पाठीमागचा टाका दिसला, आईनं घातलेला, वेगळ्या रंगाचा.

मग विचारलं, मी खाणीत नाव घातलं तर?
मी म्हटलं, तर मी येणार नाही.
बरं वाटेल असं काही सुचलं नाही, जे नियमात आहे ते सांगितलं.

तो नोटा हातात धरून उभा.
मोजल्या नाहीत.
वरचे वीस ग्रोश खिशात घातले.
मी दुसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा कठड्यावरून वाकून म्हणाला,
पुढच्या महिन्यात चारनंतर या.
अडीचला मी वर्गात असेन.

माझी ड्यूटी तीनला सुटते.
बरं, म्हटलं.